हजेरीपटावरची निष्ठा

टेक्सास राज्यातील शालेय क्रीडास्पर्धांचा कारभार युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग या संस्थेकडे आहे. तिच्या नियमावलीत उन्हाळी सुटीतील व्यायामवर्गांविषयी एक कलम आहे. या वर्गांना येणे न येणे हे सर्वस्वी विद्यार्थ्याच्या मर्जीवर राहील, आणि वर्गाला आला नाही एवढ्याच कारणावरून कोणाही प्रशिक्षकाने त्याला संघाच्या निवडचाचणीतून वा सामन्यातून वगळता कामा नये, असे त्यात बजावले आहे. आणि त्याच कलमात, वर्गाचा हजेरीपट मात्र ठेवलाच पाहिजे, असाही दंडक घातला आहे. दंडक घालणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. एका मुलाकडून एका दिवसात दोन तासांहून अधिक मेहनत कोणी करवून घेऊ नये, आणि घेतलीच तर तपासाच्या वेळी दप्तरात तशी नोंद सापडावी, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु जे दप्तर मुलाच्या संरक्षणासाठी उघडले गेले, त्याच दप्तरावरून ऑगस्ट उजाडताच त्याच्या निष्ठेचा हिशेब होऊ लागतो, हे शालेय फुटबॉलच्या परिसरात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जूनच्या सकाळी सात वाजता जो आला नाही त्याला कोणी शिक्षा करीत नाही, कोणी खुलासाही मागत नाही. फक्त पहिल्या सामन्याची यादी लागते तेव्हा त्याच्या जागेवर दुसऱ्याचे नाव असते, आणि ते का आहे याचा उलगडा यादीवर कुठेही केलेला नसतो.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड कवचे चढवून अकरा-अकरा जणांचे दोन संघ लंबगोल चेंडूसाठी एकमेकांवर अक्षरशः आदळतात, आणि चेंडू पायाने मारण्याचे प्रसंग त्यात तुरळकच येतात, असा तो अमेरिकी खेळ आहे. तेथील हायस्कूल म्हणजे नववी ते बारावीचे चार वर्ग, चौदा ते अठरा या वयातील मुले. आणि राज्याराज्यांच्या शालेय क्रीडासंघटनांचा जो महासंघ इंडियानापोलिस येथून काम पाहतो, त्याच्या गणनेनुसार दरसाल दहा लाखांहून अधिक मुले आपापल्या शाळेकडून हा खेळ खेळतात. शुक्रवारची रात्र सामन्यांसाठी राखलेली असते. टेक्सासच्या पश्चिमेकडील ओडेसा या तेलाच्या गावी पर्मियन हायस्कूलच्या 1988 च्या हंगामात एक पत्रकार, एच. जी. बिसिंगर, मुक्काम ठोकून राहिला. त्याने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकामुळे एका शाळेच्या संघाभोवती संपूर्ण गावाची अस्मिता कशी गुंतलेली असते, हे बाहेरच्या जगाला कळले. डॅलसच्या उत्तरेस ॲलन नावाचे उपनगर आहे. तेथील शाळेसाठी 2012 साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार प्रेक्षकांचे क्रीडागार उभे राहिले, ही एक गोष्ट सांगितली म्हणजे या प्रकरणात मुलांवर किती डोळे रोखलेले असतात, याची कल्पना यावी.

आता या साऱ्या इतमामाचा प्रत्यक्ष हंगाम किती? ऑगस्टच्या आरंभी सराव सुरू होतो, साधारणपणे दहा सामने नोव्हेंबरपर्यंत आटोपतात, आणि बाद फेरीत पुढे सरकणाऱ्या मोजक्या संघांचा खेळ डिसेंबरापर्यंत लांबतो. म्हणजे अगदी सामान्य संघातील मुलगा वर्षातून दहा रात्री खेळतो, आणि उरलेल्या काळात, ज्याला तेथे ‘ऑफ-सीझन’ म्हणतात, तो या दहा रात्रींची तयारी करीत असतो. जानेवारीपासून लोखंडी वजनांचा व्यायाम : खांद्यावर कांब घेऊन काढायच्या बैठका, बेंच प्रेस, जमिनीवरची कांब एका हिसक्यात छातीपर्यंत नेण्याचा पॉवर क्लीन. वसंतात धावणे, आणि जेथे मुभा आहे तेथे मैदानावरील सराव. जून-जुलैत पुन्हा व्यायाम, तोही ऊन चढण्यापूर्वी. सामन्याच्या रात्री गाव जमते खरे, पण या महिन्यांत पाहायला कोणी येत नाही, टाळी वाजत नाही, गुणफलक नसतो. आणि म्हणूनच मुलाच्या मनातील निष्ठा पारखण्याची खरी जागा हीच, असे प्रशिक्षकांना वाटत आले आहे.

हे नेहमीच असे नव्हते. पन्नासच्या दशकापर्यंत वजने उचलण्याविषयी अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या मनात खोल संशय होता. त्याने स्नायू आखडतात, मुलगा बोजड होतो आणि त्याची चपळाई जाते, अशी समजूत रूढ होती. हंगाम संपला की फुटबॉलचे कवच खाली ठेवून तोच मुलगा बास्केटबॉल खेळे, मग बेसबॉल, आणि उन्हाळ्यात शेतावर गवताचे भारे उचली. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहरात ॲल्विन रॉय नावाच्या व्यायामशिक्षकाने इस्ट्रूमा हायस्कूलच्या संघाला 1955 साली वजनांच्या व्यायामाला लावले, त्या वर्षी तो संघ राज्यविजेता ठरला, आणि त्यातला बिली कॅनन हा मुलगा पुढे 1959 साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च असा हाइझमन पुरस्कार घेऊन गेला. एवढा दाखला डोळ्यांसमोर आल्यावर जुन्या समजुतीचे काय होणार ते उघडच होते. पुढे नेब्रास्का विद्यापीठाने 1969 साली बॉइड एप्ली या तरुणाला केवळ शक्तिसंवर्धनाच्या कामासाठी नेमले, 1978 साली अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि हळूहळू लहानसहान शाळांतूनही एक खोली लोखंडाने भरून गेली. खोली तयार झाली म्हणजे तिचे वेळापत्रक आले; वेळापत्रक आले म्हणजे कोण आला आणि कोण आला नाही, याची नोंद आली.

आपल्याकडील तालमीत वस्तादाला हजेरीपटाची गरज पडत नाही. पहाटे लाल मातीत कोण उतरला आणि कोणाचे अंथरूण सुटले नाही, हे त्याला मोजक्या चेहऱ्यांवरून समजते. अमेरिकेतील मोठ्या शाळेत मात्र नववीच्या नवख्यांपासून वरिष्ठ संघापर्यंत तीन-चार तुकड्या मिळून शंभर-दीडशे मुले सहज असतात. त्यातील एखाद्याच्या अंतःकरणात संघाविषयी काय आहे हे मुख्य प्रशिक्षकाला कळण्याचा मार्ग नाही, तो उन्हाळी वर्गाच्या दिवसांपैकी किती दिवस आला हे मात्र कळते. आणि जे मोजता येते तेच हळूहळू मोलाचे ठरू लागते, हा सर्वच कारभारांचा स्वभाव येथेही प्रकट होतो. कुठे शेकडा नव्वद हजेरी भरलेल्यांना खास सदरा मिळतो, कुठे व्यायामशाळेच्या भिंतीवर नावे रंगवली जातात, कुठे मुलांच्या टोळ्या पाडून प्रत्येकाच्या गैरहजेरीचे गुण साऱ्या टोळीच्या खाती वजा होतात, तर कुठे कर्णधारपदासाठी उभे राहण्याची पहिली अटच हजेरीची असते. यातले काहीही नियमाच्या शब्दांविरुद्ध नाही. सक्ती कोणी केलेली नसते. पालकसभेत प्रशिक्षक स्मितहास्य करून सांगतात की येणे ऐच्छिक आहे, आणि श्रोत्यांतून जे हसू उमटते त्यावरून सर्वांना सर्व समजलेले असते.

तरी प्रशिक्षकांची बाजू हलक्याने घेण्यासारखी नाही. ज्या खेळात शंभर किलोंचा अठरा वर्षांचा मुलगा साठ किलोंच्या पंधरा वर्षांच्या मुलावर धावून जाऊ शकतो, तेथे मानेचे, खांद्याचे आणि मांडीचे स्नायू तयार नसलेल्याला मैदानात सोडणे ही त्याच्यावर दया नव्हे. ऑगस्टमधील उष्णतेचीही हीच गोष्ट. जो मुलगा दोन महिने वातानुकूलित दिवाणखान्यात बसून एकदम शिरस्त्राण चढवतो, त्याचे शरीर त्या उन्हाला सरावलेले नसते, आणि असे सरावण्यास सुमारे दोन आठवडे लागतात हे आता सर्वमान्य आहे. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघातील कोरी स्ट्रिंगर हा बलदंड खेळाडू 2001 साली सराव शिबिरात उष्माघाताने दगावला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात निघालेली संस्था राज्याराज्यांच्या शाळांना याच गोष्टी पटवीत आली आहे. शिवाय शेजारी घाम गाळणाऱ्या मुलाविषयी जो विश्वास निर्माण होतो तो भाषणांनी होत नाही, हे प्रशिक्षक म्हणतात तेव्हा ते अनुभवाचेच बोलत असतात.

प्रश्न उद्भवतो तो गैरहजेरीचा अर्थ लावताना. रिकामा रकाना दिसायला सर्वांचा सारखाच असतो, पण त्यामागची कारणे सारखी नसतात. एकाला झोप आवरली नाही. दुसऱ्याची आई रुग्णालयात रात्रपाळी करते म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात तोच आहे. तिसरा बर्गरच्या दुकानात उभा राहून घरभाड्याला हातभार लावतो. चौथ्याच्या घरी मोटार एकच आणि ती बापाबरोबर पहाटेच कामावर गेलेली. सुटीत शाळेच्या पिवळ्या बसगाड्या बहुधा बंद असतात, आणि अमेरिकेच्या बहुतेक उपनगरांत व ग्रामीण भागात मोटारीवाचून सात मैल जाणे म्हणजे केवढी यातायात असते, हे तेथे राहून आलेल्यांना ठाऊक आहे. डॅलसच्या उत्तरेकडील फ्रिस्को, प्लेनो या भागांत आता मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांतील एखादा मुलगा संघात गेला, किंवा सामन्यांत कवायत करीत वाजवणाऱ्या शाळेच्या बँडमध्ये गेला (त्या बँडचा उन्हाळी सरावही काही कमी कडक नसतो), की आजी-आजोबांना भेटण्यासाठी काढलेली सुटीतील भारतवारीची तिकिटे आणि व्यायामवर्गाचे वेळापत्रक यांचा तंटा त्या घरात दरवर्षी ठरलेला. महिनाभर सोलापूरला किंवा सांगलीला जाऊन आलेल्या मुलाच्या नावापुढे जी शून्ये भरतात, त्यांत आणि आळशी मुलाच्या शून्यांत रंगाचा फरक नसतो.

दुसरा झगडा शाळेच्या आतच चालतो. बेसबॉलच्या प्रशिक्षकालाही तोच चपळ मुलगा हवा असतो, कुस्तीच्याही. आणि प्रत्येकाने आपापला ऑफ-सीझन बारमाही केला की दोन खेळ खेळणाऱ्या मुलाला वर्षात मोकळा आठवडा म्हणून राहत नाही. वस्तुतः एकाच खेळात कोवळ्या वयापासून जुंपून घेण्याने तेच ते सांधे झिजतात, म्हणून अनेक खेळ खेळावेत, असे वैद्यांचे मत आहे, आणि बहुतेक फुटबॉल प्रशिक्षक तोंडाने त्याला दुजोराही देतात. तोंडाने म्हणतो याचे कारण असे की, धावण्याच्या शर्यतीच्या सरावाला गेलेल्या मुलाची हजेरी आपल्या वहीत मांडायला मन मोठे लागते, आणि ते सर्वांचेच असते असे नाही. टेक्सासमधीलच अतिशय लहान गावांत मात्र हा प्रश्न फारसा डोके वर काढीत नाही. तेथे सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात. नेब्रास्कातील स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने मंदीच्या काळात, 1934 साली, मुले अपुरी पडणाऱ्या शाळांसाठी ही तोड काढली. जेथे साऱ्या हायस्कुलात मिळून पन्नास मुले-मुली, तेथे जूनमध्ये गैरहजर राहिलेला मुलगा शुक्रवारी मैदानात असणारच, कारण त्याच्या जागी घालायला दुसरा नाही. निष्ठेची कसोटी किती कडक लावावी हे तत्त्वापेक्षा राखीव खेळाडूंच्या संख्येवर अवलंबून असते, असा निष्कर्ष यातून कोणी काढला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

मग मुलाने किंवा पालकाने दाद मागायची कुठे? टेक्सासच्या विधिमंडळाने 1984 साली, नापास झालेल्या विद्यार्थ्याने काही आठवडे खेळात भाग घेऊ नये, असा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागितली गेली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली निर्णय दिला की शालेय खेळात भाग घेणे हा राज्यघटनेने संरक्षिलेला हक्क नव्हे. तो निर्णय अभ्यासाच्या कैवारासाठी होता आणि माझ्या मते योग्य होता. परंतु खेळणे हा हक्कच नसेल, तर कोणाला किती मिनिटे खेळवायचे ही बाब प्रशिक्षकाच्या अखत्यारीत जाते, आणि यादीतून नाव गळाले ते गैरहजेरीमुळे की सामर्थ्य कमी पडल्यामुळे, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. त्यामानाने केंटकी राज्याची तजवीज मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे 25 जून ते 9 जुलै या काळात शालेय खेळांचा सर्व व्यवहार तहकूब असतो : सराव नाही, शिबिर नाही, शाळेच्या मैदानाचा वा साहित्याचा वापर नाही. हजेरी घ्यायला वर्गच भरत नसल्यामुळे त्या पंधरवड्यात कोणी गैरहजर ठरण्याचा संभवच उरत नाही, आणि कुटुंबे निर्धास्तपणे गावी जाऊ शकतात.

निष्ठा म्हणजे सोसण्याची शक्ती, ही कल्पना या खेळाच्या पुराणकथांत फार खोल रुजलेली आहे. टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचा प्रशिक्षक ‘बेअर’ ब्रायंट याने 1954 साली सुमारे शंभर खेळाडूंना जंक्शन नावाच्या दुष्काळी गावी नेऊन दहा दिवस इतके राबवले, तेही पाण्याचा घोट नाकारून, की त्यांतील जेमतेम एक तृतीयांश टिकले. त्या वर्षी संघाने एकच सामना जिंकला आणि नऊ गमावले. दोन वर्षांनी तो विभागीय विजेता झाला. लोककथेने हे विजेतेपदाचे वर्ष तेवढे लक्षात ठेवले, आणि रात्री गुपचूप निघून गेलेल्यांत किती चांगले खेळाडू होते याची विचारपूस केली नाही. या कथेची सावली अजून सरलेली नाही. डॅलसजवळच्या रॉकवॉल-हीथ हायस्कूलमध्ये जानेवारी 2023 मध्ये ऑफ-सीझनच्या एका सरावात मुलांना चुकांची शिक्षा म्हणून शेकडो जोर काढायला लावल्याची तक्रार झाली, आणि त्यातील अनेक मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचते, त्या विकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. या प्रकारात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की बाहू सुजेपर्यंत मुले थांबली नाहीत. थांबणारा कमी निष्ठावान समजला जाईल, ही भीती स्नायूंच्या वेदनेपेक्षा प्रबळ ठरली असली पाहिजे.

याच विषयाला कॅलिफोर्नियात एक वेगळे वळण मिळाले. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे, टेकड्यांच्या पूर्वेस, काँकर्ड गावी दे ला साल ही कॅथलिक धर्मबंधूंनी 1965 साली काढलेली मुलांची शाळा आहे. तेथे 1979 साली बॉब लाडुसूर हा पंचविशीचा तरुण प्रशिक्षक म्हणून आला, तोवर त्या संघाने जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांहून अधिक आहे असा एकही हंगाम पाहिला नव्हता. या गृहस्थाने 1992 पासून 2004 पर्यंत ओळीने 151 सामने जिंकवून दाखवले, आणि 2013 च्या आरंभी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 399 विजय आणि अवघे 25 पराभव जमा होते. व्यायामाच्या बाबतीत तो कोणाहून सौम्य नव्हता. एक हंगाम सरला की जानेवारीत पुढच्या हंगामाची मेहनत सुरू होई, आणि त्याच्या यशाचे रहस्य विचारणाऱ्यांना त्या महिन्यांकडेच बोट दाखवले जाई. पण त्याच्या पद्धतीत एक लहानसा कागदी उपचार होता. दर सामन्यापूर्वी प्रत्येक मुलगा एका कार्डावर स्वतःची उद्दिष्टे लिही : व्यायामशाळेत काय साधायचे, सरावात काय, सामन्यात काय. मग सर्व संघासमोर उभा राहून तो ती एका सवंगड्याला वाचून दाखवी आणि कार्ड त्याच्याच स्वाधीन करी. पुढच्या आठवड्यात जाबसाल होई तो त्या सवंगड्याशी.

मला यात महत्त्वाचे वाटते ते इतकेच की हिशेब प्रशिक्षकाच्या दप्तरातून निघून बरोबरीच्या मुलाच्या हाती गेला. बरोबरीच्या मुलाला रिकाम्या रकान्याचे कारण माहीत असते. कोणाच्या घरी लहान बहीण आहे, कोणाची नोकरी आहे आणि कोण नुसताच लोळत पडला होता, हे त्याच्यापासून लपत नाही. त्याच्यापुढे खरी अडचण सांगायला लाज वाटत नाही आणि खोटी सांगून उपयोग होत नाही. वरिष्ठाच्या नजरेत भरण्यासाठी येणारा मुलगा आणि मित्राला दिलेला शब्द राखण्यासाठी येणारा मुलगा, दोघांचीही हजेरी शंभर टक्के भरेल. मात्र दुखावलेला हात घेऊन जोर काढीत राहण्याची पाळी आली, तर पहिला मुकाट राहील आणि दुसऱ्याचा मित्र ओरडून सांगेल, असा माझा कयास आहे.

अर्थात दे ला सालची गोष्ट सर्वांना लागू पडेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. ती शुल्क घेणारी खाजगी शाळा आहे, दूरदूरच्या गावांतून मुले तेथे येतात, आणि ती चांगले खेळाडू वेचून गोळा करते, असा तक्रारीचा सूर प्रतिस्पर्ध्यांनी वर्षानुवर्षे लावला आहे. सरकारी शाळेतील मुलाला कार्ड देऊन भागत नाही. त्याला आधी शाळेपर्यंत पोचावे लागते. शालेय वर्ष चालू असताना टेक्सासमध्ये व्यायामाचा तास दिवसाच्या वेळापत्रकातच बसवलेला असतो, त्यामुळे दुपारी कामावर जाणाऱ्या मुलाचीही सोय होते; जूनमध्ये ती सोय उरत नाही. काही प्रशिक्षक तेव्हा संध्याकाळची दुसरी तुकडी चालवतात, काही नोकरीला आणि दुसऱ्या खेळाच्या सरावाला हजेरीत धरतात. अनेक गावांत एखादा सहायक प्रशिक्षक पहाटे साडेपाचला स्वतःची गाडी काढून, ज्यांच्या घरी मोटार नाही अशी मुले दारोदार फिरून गोळा करतो. त्या फेऱ्यांच्या पेट्रोलचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात बहुधा सापडायचा नाही.